राज्यसत्तेची शींव

राज्यसत्तेनें कोठवर यावें आणि कोठें थांबावें, या प्रश्नावर अमेरिकन लोकांनीं जितका कागद खर्चीं घातला आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि राष्ट्रानें क्वचितच घातला असेल. त्यांच्यांतील जो पक्ष स्वतःस परंपरेचा पाईक म्हणवितो, त्याचा तर हा कुळधर्मच होय. सरकार लहान असावें. घर, देऊळ, शेत आणि दुकान यांच्या दारांत त्यानें विनाकारण उभें राहूं नये. माणसास सज्जन करण्याचें काम धर्माचें, त्यानें दुसऱ्याच्या अंगावर जाऊं नये एवढें पाहण्याचें काम राजाचें. अशी ही विचारसरणी आहे. आमच्याकडील सुशिक्षित वाचक ती वाचून बहुधा दोहोंपैकीं एक करतो. धनिकांचा डाव म्हणून तिला हसतो, किंवा परकीयांचें शहाणपण म्हणून ती डोळे मिटून गिळतो. आम्हांस दोन्ही प्रकार उतावळेपणाचे वाटतात. कारण हाच वाद आपल्या महाराष्ट्रांत, आपल्या भाषेंत, गेल्या शतकाच्याहि मागल्या शतकांत होऊन गेला आहे. आणि नवल असें, कीं तो एकाच वेळीं दोन ठिकाणीं चालला होता. एक ठिकाण पुण्यामुंबईचीं सभागृहें. दुसरें ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड यांसारख्या तालुक्यांचीं रानें. पहिल्याची हकीकत शाळेंतल्या मुलासहि थोडीबहुत ठाऊक असते. दुसऱ्याची हकीकत त्या रानांतच राहिली. या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अमेरिकेकडे थोडें वळलें पाहिजे. त्या देशाच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ सालीं अमलांत आली. तिनें मध्यवर्ती कायदेमंडळास बजावलें, कीं कोणत्याहि धर्मपंथास राजाश्रय देणारा अगर धर्माचरणास आडकाठी करणारा कायदा तुम्हीं करावयाचा नाहीं. या तरतुदीस आपल्याकडे नास्तिकांची युक्ति समजण्याची चाल आहे, ती बरोबर नाहीं. तिच्या पाठीशीं जे उभे राहिले त्यांत बॅप्टिस्टांसारखे कडवे धर्मनिष्ठ लोक होते. राजाच्या हातचा प्रसाद खाल्ला कीं धर्म राजाचा मिंधा होतो, असें त्यांचें म्हणणें. शिवाय हा निर्बंध मध्यवर्ती सत्तेपुरता होता. घटक संस्थानें मोकळीं होतीं, आणि कनेक्टिकटनें १८१८ पर्यंत व मॅसॅच्युसेट्सनें १८३३ पर्यंत आपलें सरकारमान्य चर्च चालूंच ठेविलें होतें. १८१३ च्या आरंभीं मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पहिले अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडांतून आले, तेथें धर्मखात्यासाठीं कर वसूल करण्याची वहिवाट अजून मोडलेली नव्हती. इकडे येतांच त्यांना कंपनी सरकारनें निघून जाण्याचा हुकूम दिला! महत्प्रयासानें त्यांस राहूं देण्यांत आलें. आपल्या देशीं चर्चला राजाचा आधार आणि येथें राजाचा चर्चला अडसर, असे दोन्ही अनुभव एकाच आयुष्यांत घेणाऱ्या या हॉलसाहेबास १८२६ सालीं नाशिककडील फेरींत पटकीनें गांठलें, व तो मेला.

कंपनीचें धोरण धर्मभीरुतेचें नव्हतें, व्यापाऱ्याचें होतें. रयतेच्या देवाला डिवचूं नये, म्हणजे वसूल सुरळीत येतो. १८५७ च्या उठावानंतर हेंच धोरण १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांत भारदस्त भाषेंत उतरलें, आणि १८६३ च्या विसाव्या कायद्यानें देवस्थानांच्या कारभारांतूनहि सरकारनें बरेंचसें अंग काढून घेतलें. म्हणजे अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीसारखें कांहीं तरी आपल्याकडेहि होतें; फरक एवढाच, कीं अमेरिकनांनीं तें स्वतःच्या सरकारवर लादलें, आणि आपणांस तें राणीनें कृपावंत होऊन दिलें. जें कृपेनें मिळतें तें अडचणीच्या वेळीं परत मागतां येत नाहीं, हें पुढें दिसून आलें.

१८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह आणि सक्तीचें वैधव्य यांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं मुंबईस दादाजी भिकाजी यानें आपली पत्नी रखमाबाई नांदावयास येत नाहीं म्हणून तिच्यावर फिर्याद केली. न्यायमूर्ति पिन्ही यांनीं १८८५ त दावा काढून टाकला. अपिलांत तो निकाल फिरला. आणि १८८७ त न्यायमूर्ति फॅरन यांनीं, नवऱ्याकडे जा नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. अखेर १८८८ त दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या खटल्यांत आपल्या परंपराभिमानी मंडळींचें वर्तन आम्हांस फार विचार करण्यासारखें वाटतें. सरकारनें आमच्या विवाहसंस्थेंत हात घालूं नये, असें म्हणणारीं वर्तमानपत्रें रखमाबाईस तुरुंगांत पाठविण्याच्या हुकुमाचें मात्र समर्थन करीत होतीं. तो हुकूम ज्या उपायाखालीं झाला, तो दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा, आपल्या धर्मशास्त्रांतला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. पिन्हीसाहेबांनीं दावा काढून टाकतांना हें स्पष्ट सांगितलें होतें. परक्या धर्माचें हत्यार परक्या राजाच्या हातीं देऊन आपल्या धर्माचें रक्षण करावयाचें, आणि वर तोच राजा लांब राहावा असें म्हणावयाचें, ही गोष्ट तर्काला धरून नव्हती.

१८९० त कलकत्त्यास फुलमणि दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मृत्यु पावली. ९ जानेवारी १८९१ रोजीं संमतिवयाचें बिल व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मांडण्यांत आलें, आणि १९ मार्च रोजीं तें पास होऊन संमतीची मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर गेली. अमेरिकेच्या त्या पहिल्या दुरुस्तीस बरोबर शंभर वर्षें होत होतीं. या दोन-अडीच महिन्यांत पुण्यांत जो गदारोळ उडाला तो प्रसिद्धच आहे. डॉ. भांडारकर एकीकडे शास्त्रवचनें काढून दाखवीत, टिळक दुसरीकडे. आगरकरांचा ‘सुधारक’ आणि टिळकांचा ‘केसरी’ यांची तर एकमेकांवर धारच धरलेली.

टिळकांची बाजू या बाबतींत नेहमीं अर्धी सांगितली जाते. आदल्याच वर्षीं, म्हणजे १८९० त, त्यांनीं सुधारकांपुढें स्वतः एक मागणीपत्र ठेविलें होतें: मुलीचें लग्न सोळाच्या आंत व मुलाचें विसाच्या आंत करूं नये, चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये, केल्यास विधवेशीं करावें, हुंडा घेऊं नये, विधवेचें केशवपन करूं नये, आणि मिळकतीचा दहावा हिस्सा सार्वजनिक कार्यास द्यावा. जे सही करतील त्यांनीं प्रथम आपणांस बांधून घ्यावें, मग लोकांस सांगावें. सरकारच्या बारा वर्षांपेक्षां टिळकांचीं सोळा वर्षें चार पावलें पुढेंच होतीं. वाद वयाचा नव्हता, काठी कोणाच्या हातांत असावी याचा होता. समाज आपल्या बळानें वाढतो, बाहेरून खेंचल्यानें नव्हे, हा विचार त्यांनीं स्पेन्सरपासून घेतला असें म्हणतात. पण स्पेन्सर आगरकरांनींहि वाचला होता, व तितक्याच आवडीनें. एकाच गुरूच्या पुस्तकांतून एक शिष्य समाजाचें स्वातंत्र्य घेऊन उठला, दुसरा व्यक्तीचें. ज्यांना वैचारिक वारसा म्हणजे सोन्याची पाटली वाटते, आईकडून मुलीकडे जशीच्या तशी जाणारी, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

तरीहि टिळकांच्या भूमिकेंत एक भगदाड होतें, व तें बुजविणें त्यांस साधलें नाहीं. सहीचा कागद बापासाठीं आणि नवऱ्यासाठीं होता. अकरा वर्षांच्या मुलीनें कोणत्या कागदावर सही करावयाची? शिवाय दहा वर्षांची मर्यादा १८६० च्या दंडसंहितेंत आधींच घातलेली होती. तेव्हां सरकार उंबरठ्याच्या आंत येऊन एकतीस वर्षें झालीं होतीं. न्यायमूर्ति तेलंगांसारखा सौम्य आणि सावध मनुष्य, ज्यानें १८८६ च्या व्याख्यानांत राजकीय सुधारणेनें सामाजिक सुधारणेसाठीं खोळंबून राहण्याचें कारण नाहीं असें प्रतिपादिलें होतें, तोहि या बिलाच्या बाजूला गेला. याच तेलंगांनीं मराठ्यांच्या बखरींवरील आपल्या निबंधांत दाखविलें आहे, कीं मराठी राज्यकर्ते धर्माच्या व जातीच्या बाबतींत खुशाल हात घालीत. मग ‘आमचा राजा धर्मापासून दूर राहात असे’ ही समजूत कोठून आली? ती राणीच्या जाहीरनाम्यांतून आली. छत्रपतींच्या वा पेशव्यांच्या दफ्तरांतून नव्हे.

फार लांब जावयाचें तर मुरबाड तालुक्याच्या डोक्यावरच पुरावा आहे. वैशाखऱ्याहून चढून नाणेघाटाच्या लेण्यांत गेलें म्हणजे सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख दिसतो. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून अश्वमेधादि यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची यादी तींत कोरली आहे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असें लोक सांगतात. वाणी जुन्नरचा असो कीं कल्याणचा, त्याच्या खिशांतला पैसा याच वाटेवर राजाकडे जाई, आणि राजाकडून तो होमकुंडाकडे जाई. धर्म आणि राज्य यांच्यामध्यें भिंत बांधण्याची कल्पना दोन हजार वर्षांपूर्वीं त्या घाटांतल्या कोणास सांगितली असती, तर त्यानें ती हंसण्यावारीच नेली असती.

आतां घाट उतरूं. माळशेज आणि नाणेघाट यांच्या पायथ्याशीं मुरबाड, आणि माहुलीच्या सुळक्यांखालीं शहापूर. भात, नागली, वरई. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. पौषी पौर्णिमेस म्हसे येथें भरणारी गुरांची मोठी जत्रा. शहापुरांतून आगगाडी थळघाटांत चढली ती १८६५ पासून, आणि आगगाडी म्हणजे लाकूड. त्या काळाच्या सरकारला सागाचें झाड पूर्वीपेक्षां फार आवडूं लागण्याचें हें एक कारण होय. दुसरें कारण निव्वळ महसूल.

या भागांत भाताची शेती कशी होते हें माहीत असल्याखेरीज पुढचा वाद समजणार नाहीं. खाचरांत बी एकदम पेरीत नाहींत. प्रथम एका तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, वर गवत, मग पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. उन्हाळ्यांत हें सारें मंद आंचेवर जाळतात. हाच राब. त्या भाजलेल्या जमिनींत पाऊस पडतांच बी टाकलें, कीं तण कमी आणि रोप जोमदार येतें, व तें मग खाचरांत लावतात. टहाळ येतात ते शेजारच्या वरकस जमिनींतून आणि रानांतून. म्हणजे भाताच्या एका बिघ्यामागें रानाचा कांहीं भाग उभा असतो. सात-बाराच्या उताऱ्यांत तो दिसत नाहीं, पण तो नसेल तर भातहि दिसणार नाहीं.

१८७८ च्या सातव्या कायद्यानें सरकारला जंगल ‘राखीव’ करण्याचा अधिकार मिळाला. पद्धत मोठी सभ्य होती. अमुक रान राखीव करावयाचें आहे, ज्याचा हक्क असेल त्यानें मुदतींत येऊन सांगावा. मुरबाडच्या ठाकरानें ही नोटीस वाचावी कशी, आणि आजोबा-पणजोबांनीं तोडलेल्या टहाळाचा कागद आणावा कोठून, हा प्रश्न कायद्यास पडला नाहीं. वनखात्याचें म्हणणें असें, कीं राबानें झाडें बोडकीं होतात आणि रान मरतें. त्यांत तथ्य अगदींच नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. दरवर्षीं छाटलेल्या ऐनाचें झाड पाहिलें तर तें खांबासारखें दिसतें. पण खात्याचा उपाय शेतकऱ्यास दुसरें खत देण्याचा नव्हता, कोयता काढून घेण्याचा होता. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं, कीं १८८५ त मुंबई सरकारास एक जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ त निघाला. शेतीतज्ज्ञ डॉ. फोल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत राबाचा प्रश्न चर्चेस घेतला, तेव्हां अडाण्यांची खोड म्हणून तो उडवून लावण्याजोगा राहिला नव्हता. राबाच्या बाबतींत कांहीं सवलती पुढें मिळाल्या. परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. काल जें आपलें होतें तें आज पास दाखवून न्यावयाचें, हा फरक त्या शेतकऱ्यास चांगला समजला.

त्याच १८७८ सालीं मुंबईचा अबकारी कायदा झाला. गांवोगांवच्या भट्ट्या बंद. दारू गाळावयाची ती उरणासारख्या ठिकाणीं सरकारी देखरेखीखालीं, आणि विकावयाची मक्तेदारानें. तरी चोरून गाळणारे राहिलेच, कारण कच्चा माल झाडावरून फुकट पडतो. फाल्गुन-चैत्रांत पहांटे मोहाच्या झाडाखालीं फुलांचा सडा असतो. बाया-मुलें तीं वेंचतात, वाळवितात, शिजवून खातात; भाताचें शेवटचें पोतें रिकामें झाल्यावर आषाढाच्या तोंडापर्यंत अनेक घरें या फुलांनीं तगत. सरकारनें यावर काढलेला उपाय म्हणजे १८९२ चा तिसरा कायदा, ज्याला मोहफुलांचा कायदा म्हणत. तो सबंध इलाख्यासाठीं नव्हता. ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं होता. त्यानें दारूवर नव्हे, फुलावरच निर्बंध घातला. एका माणसानें त्या फुलाची दारू गाळूं नये म्हणून दुसऱ्यानें तें फूल घरांत ठेवूं नये! वाचकांनीं कल्पना करावी, कीं कोणी ज्वारी आंबवतो म्हणून सोलापुरांत ज्वारीच्या कणगीवर शिपाई बसविला आहे.

संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ चा आणि मोहफुलांचा १८९२ चा. पहिल्यावर पुण्यांत दगडफेकीपर्यंत मजल गेली. दुसऱ्यावर तसें कांहीं झालें नाहीं. सार्वजनिक सभेनें आणि ठाणेंमुंबईच्या कांहीं पत्रांनीं जंगलाच्या व अबकारीच्या जुलमाविरुद्ध लिहिलें, अर्ज केले, हें मान्य केलेंच पाहिजे. पण तें अर्थकारण म्हणून लिहिलें गेलें. ‘घरांत शिरूं नका’ हा जो ज्वलंत युक्तिवाद सदाशिव पेठेंतील उंबरठ्यासाठीं वापरला गेला, तो ठाकराच्या झोंपडीच्या उंबरठ्यासाठीं कोणी वापरला नाहीं. आणि खरें पाहतां तेथें तो अधिक लागू होता. पुण्यांतला उंबरठा ओलांडून सरकार एका मुलीस वाचविण्यासाठीं आंत येत होतें. मुरबाडांत तें फुलांची टोपली मोजण्यासाठीं आंत जात होतें.

धर्माची गोष्टहि तशीच. त्या रानांतल्या जमातींत देवाला आणि पितरांना मोहाची धार दिल्याविना लग्न होत नाहीं कीं दिवस होत नाहींत. राणीच्या जाहीरनाम्यांतील तटस्थतेचें वचन शब्दशः घ्यावयाचें तर तें या धारेसहि लागू होतें. परंतु धर्म म्हणजे पोथी, आणि पोथी नसेल तेथें केवळ व्यसन, अशी एक सोयीस्कर व्याख्या इंग्रज अधिकारी आणि आमचे विद्वान या दोघांनीं न बोलतां ठरवून टाकली होती.

येथें अमेरिकेंतल्या एका प्राध्यापकाचें स्मरण होतें. येल विद्यापीठांतील विल्यम ग्रॅहम समनर यांनीं १८८३ त समाजांतील वर्ग एकमेकांचें काय देणें लागतात या विषयावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक, आणि मर्यादित राज्यसत्तेचे कट्टे कैवारी. त्यांचा मुख्य मुद्दा असा: क्ष आणि य हे दोघे मिळून ठरवितात, कीं ज्ञ याचें कल्याण केलें पाहिजे, आणि त्याचा खर्च ज्याच्यावर बसतो त्या चौथ्या माणसास विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. समनरांच्या डोळ्यांपुढें हा विस्मृत मनुष्य म्हणजे निमूटपणें कर भरणारा, कष्टाळू अमेरिकन कामगार व गृहस्थ. त्यांना मुरबाड ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण त्यांच्या त्या चौथ्या माणसाचें याहून नेमकें चित्र आम्हांस तरी दुसरीकडे दिसत नाहीं. मुंबईच्या तहानेसाठीं शहापूर तालुक्यांत तानसेचें धरण पुरें झालें तेंहि याच १८९२ सालीं. पाणी मुंबईचें, सागवान रेल्वेचें, अबकारी सरकारची, आणि खर्च ठाकराचा.

समनरांच्या मताची दुसरी बाजूहि दाखविली पाहिजे, नाहीं तर आम्ही पक्षपाती ठरूं. १८८७ त टेक्ससमध्यें अवर्षण पडलें असतां शेतकऱ्यांना बियाण्यासाठीं दहा हजार डॉलर देण्याचें बिल अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं नाकारलें; प्रजेनें सरकारला पोसावें, सरकारनें प्रजेला नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. तें वाचतांना आम्हांस १८७७ चें साल आठवतें. दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरांचा दर दिवसाला एक पौंड धान्य व वर एखाद आणा इतका खालीं आणला. सरकारी खजिन्यावर भार नको, हें कारण. त्याच वर्षीं ते मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि त्यांच्याच अमदानींत, १८७८ त, जंगलाचा आणि अबकारीचा असे दोन्ही कायदे लागू झाले. भुकेल्याच्या पानांत वाढतांना ज्या सत्तेचा हात आंखडता, तोच हात रान कवळतांना किती लांब! सरकार लहान असावें असें म्हणणाऱ्यानें तें कोणत्या बाजूनें लहान असावें हें प्रथम सांगितलें पाहिजे. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८९२ तच डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सरसकट लागू नाहींत असें सांगून राज्यानें उद्योगांस हात द्यावा असा पक्ष मांडला. त्यांत अमेरिकेच्याच हॅमिल्टनादि लोकांचा आधार त्यांनीं घेतला. म्हणजे अमेरिकेंतहि एकच परंपरा होती असें नाहीं. आणि जोतीराव फुल्यांनीं १८७३ त ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती ज्या अमेरिकन लोकांस, त्यांनीं गुलामी नष्ट केली ती ‘आमच्या संस्थानांत लुडबूड करूं नका’ असें म्हणणाऱ्या दक्षिणेवर मध्यवर्ती सत्तेचें सैन्य घालूनच.

दारूच्याच बाबतींत अमेरिकन परंपराभिमान्यांची फटफजिती पुढें झाली. तेथील धर्मनिष्ठ लोकांनीं आग्रह धरून १९१९ त घटनेंतच दारूबंदी घातली. वेदीपासून दूर राहा असें ज्या सरकारला बजाविलें होतें, त्यालाच शेजाऱ्याच्या कपाटांत डोकावण्यास पाठविलें. चौदा वर्षांनीं, १९३३ त, ती दुरुस्ती रद्द करावी लागली. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. हा स्वराज्याचा कायदा होता, हेतु निर्मळ होता. पण ठाणें जिल्ह्याच्या रानांत शिपाई आला तो त्याच वाटेनें आला, आणि त्याला वाटेवर तेंच फूल दिसलें.

या दोहोंच्या मध्यें एक गोष्ट घडली, तिला इतिहासकारांनीं अलीकडे योग्य तें महत्त्व दिलें आहे. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेल्यांत देवीचा संचार सुरू झाला. अंगांत आलेली देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, आंघोळ करा, स्वच्छ राहा. तें लोण डहाणूकडून उत्तरेस सुरतेच्या आदिवासी मुलुखापर्यंत गेलें, आणि हजारों माणसांनीं आपण होऊन पेला खालीं ठेविला. ना कायदा, ना शिपाई, ना दंड. दारूच्या दुकानांचा धंदा बसला तेव्हां पारशी पीठेवाले आणि अबकारी खातें यांचींच तोंडें उतरलीं. धर्मानें माणसास आंतून बदलावें आणि राजानें बाहेर उभें राहावें, हें जें अमेरिकेच्या धर्मनिष्ठांनीं ग्रंथांत लिहिलें, तें कोणाचाहि ग्रंथ न वाचलेल्या मांगेल्यांनीं आणि वारल्यांनीं करून दाखविलें. पुष्कळ ठिकाणीं हा निग्रह पुढें ओसरला, हेंहि खरें. देवी निघून गेली असें लोक म्हणत.

जुना ठाणें जिल्हा २०१४ त विभागला जाऊन पालघर वेगळा झाला; शहापूर आणि मुरबाड ठाण्यांतच राहिले. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचीं कांहीं गांवें घटनेच्या पांचव्या परिशिष्टाखालील अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. त्यांना १९९६ चा पंचायत-विस्ताराचा कायदा, ज्याला सर्वजण ‘पेसा’ म्हणतात, लागू आहे. त्यांत ग्रामसभेस आपल्या रूढि-परंपरा जपण्याचा अधिकार आहे, गौण वनोपजावर मालकी सांगितली आहे, आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर निर्बंध घालावयाचा कीं नाहीं हेंहि तिच्याच विचारावर सोंपविलें आहे. देव, फूल आणि दारू हीं तिन्ही एकाच कलमांत आणि एकाच गांवाच्या हातीं आलेलीं पाहून १८९२ चा कलेक्टर चक्रावला असता. महाराष्ट्रांत या कायद्याचे नियम व्हावयास २०१४ साल उजाडलें, म्हणजे अठरा वर्षें गेलीं. मधल्या काळांत २००६ चा वनहक्क कायदा झाला, आणि त्यानें पुन्हां एकदां रानांतल्या माणसास आपला हक्क सिद्ध करण्यास बोलाविलें; या वेळीं मात्र दावा प्रथम ग्रामसभेपुढें जातो, आणि म्हाताऱ्या माणसाची तोंडी साक्षहि पुरावा धरली जाते. मोहफुलें गोळा करणें व बाळगणें यांवरील निर्बंध राज्य सरकारनें शिथिल केले ते २०२१ सालीं. संमतिवय तोंवर दहाचें बारा, बाराचें पुढें कितीतरी, असें वाढत अठरावर पोंचलें होतें, आणि टिळकांची सोळाची मर्यादा कायद्यानें केव्हांच मागें टाकली होती. त्या मानानें टोपलीभर फुलांस एकशें एकोणतीस वर्षें लागलीं.